अवटुग्रंथीची मंदगती : ओळख आणि निदान

(लोंढा येथे रेल्वे वसाहत व परिसरातील कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोंढ्याचा पावसाळा कसा असतो हे लोंढ्याच्या माणसांना सांगावयास नको. जूनमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकले की पुढे तीन-साडेतीन महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि सकाळच्या गाडीसाठी फलाटावर उभा असलेला प्रत्येक जण अंगाभोवती काही ना काही लपेटून असतो. अशा गावात एखाद्या बाईला इतरांपेक्षा अधिक थंडी वाजते, ही गोष्ट कोणाच्या लक्षात यावी?

अशी एक गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. वय चाळीसच्या आसपास, पती रेल्वेत, दोन मुले शाळेत. गेल्या वर्षभरात तिला सकाळी अंथरुणातून उठणे जड जाऊ लागले आहे. वजन चार-पाच किलोंनी वाढले आहे. जेवण मात्र पूर्वीपेक्षा कमीच. शौचास साफ होत नाही. टाचांना भेगा आहेत, हातांची कातडी खरखरीत झाली आहे, वेणी घालताना केसांचा पुंजका हातात येतो. पाळीच्या वेळी अंगावरून फार जाते. यांतील प्रत्येक तक्रारीला घरात एक उत्तर तयार असते. थंडी वाजते, कारण पाऊस आहे. थकवा येतो, कारण काम आहे. केस गळतात, कारण पाणी बदलले. अंगावरून जाते, कारण ‘आक्का, आता वय झालं, जायची वेळ आली पाळीची,’ असे शेजारीण सांगते. आवाज घोगरा झाला तर सर्दी. विसरायला होते तर डोक्याला व्याप. उत्तरे सगळी पटण्याजोगी आहेत, आणि नेमकी येथेच फसगत होते. वेगवेगळी पाहिली तर ही दुखणी किरकोळ वाटतात. एकत्र मांडली तर त्यांचा उगम बहुधा एकच निघतो. तो गळ्यात, कंठमण्याच्या किंचित खाली असतो.

तेथे श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शास्त्रीय मराठीत तिला अवटुग्रंथी म्हणतात. व्यवहारात सर्वजण थायरॉइडच म्हणतात. तिचे वजन जेमतेम दीड-दोन तोळे. अन्नातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्झिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि रक्तात सोडते. शरीरातील प्रत्येक पेशीने आपले काम कोणत्या गतीने करावयाचे हे या संप्रेरकावर ठरते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातील ऊब, कातडीचा ओलावा, स्मरणशक्ती, पाळीचे चक्र, मुलांची उंची, या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. म्हणूनच ग्रंथी मंदावली की दुखणे एका जागी दिसत नाही. सगळेच थोडे थोडे संथ होते, आणि तेही इतक्या सावकाश की रोज बघणाऱ्या घरच्या माणसांना ते कळत नाही. पुष्कळदा वर्षातून एकदा येणारी माहेरची बहीणच प्रथम विचारते, ‘अगं, तुझा चेहरा असा सुजल्यासारखा का दिसतो?’

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. ती देखरेख कशी चालते हे लोंढेकरांना समजावणे सोपे आहे. कुळेंहून कॅसलरॉककडे घाट चढताना जड गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडतात. किती इंजिने जोडली यावरून गाडी आपल्या बळावर कितपत चढते याचा अंदाज बांधता येतो. तद्वत्, अवटुग्रंथी कमी पडू लागली की पोष ग्रंथी तिला ढकलण्यासाठी टी. एस. एच. नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. रक्तातील टी. एस. एच. वाढलेले आढळले तर ग्रंथी आपल्या बळावर चढत नाही, असे समजावे. संपूर्ण निदान मुख्यत्वे या एका तपासणीवर उभे आहे.

हा विकार दुर्मिळ असता तर त्यासाठी व्याख्यानाचे प्रयोजन पडले नसते. देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्या आठांत मुंबई, बंगळूर आणि लोंढ्याचा शेजारी गोवाही होता. तपासलेल्यांपैकी १०.९५ टक्के लोकांमध्ये अवटुग्रंथीची मंदगती आढळली. स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. अधिक विचार करावयास लावणारी बाब निराळीच आहे. एकंदर तपासलेल्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांना आपणांस हा विकार आहे याची कल्पनाही नव्हती. ही शहरांची स्थिती झाली, जेथे कोपऱ्याकोपऱ्यावर रक्त तपासणारी प्रयोगशाळा आहे.

वैद्यकास या विकाराची ओळख पटण्यासही बराच काळ लागला. लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ साली काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले. चेहरा सुजलेला, जीभ जाड, बोलणे संथ, हालचाली मंद. पुढे या अवस्थेस मिक्सिडीमा हे नाव मिळाले. पण उपाय नव्हता. अशा स्त्रिया वर्षानुवर्षे मंदावत जात आणि अखेर मरण पावत. १८९१ साली न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क काढून तो ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीस टोचला. काही आठवड्यांत तिची सूज उतरली, बोलणे पूर्ववत् झाले. पुढल्याच वर्षी ही ग्रंथी पोटात दिली तरी गुण येतो हे इतरांनी दाखवून दिले. मरे यांची ती रुग्ण त्यानंतर २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असे सांगतात. १९१४ साली केंडाल यांनी थायरॉक्झिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, आणि आज तेच द्रव्य मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळीत अल्प किमतीस मिळते. आधुनिक वैद्यकात इतका साधा आणि इतका खात्रीचा उपाय असलेले जुनाट विकार फार थोडे असतील. उणीव आहे ती वेळीच ओळखण्याची.

ग्रंथी मंदावते कशाने? आयोडीनची टंचाई हे जुने कारण. आयोडीन मातीत असते, मातीतून धान्या-भाजीत येते. जेथे पाऊस धो धो कोसळतो आणि डोंगरउतारावरून माती धुपून जाते, तेथे आयोडीनही वाहून जाते. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्पिढ्या गळ्याला गलगंड घेऊन वावरणारी माणसे याच कारणाने दिसत. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागात आयोडीनयुक्त मीठ पुरविले, काही भागात साधे मीठ ठेवले, आणि आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध केले. त्याच आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले, कारण आयोडीनच्या उणिवेचे खरे नुकसान गळ्यापेक्षा मुलांच्या बुद्धीत होते हे तोवर स्पष्ट झाले होते.

ही केवळ हिमालयाची गोष्ट नव्हे. बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांची पाहणी करून लिहिलेला एक अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला; त्यात गलगंडाचे प्रमाण पाच टक्क्यांच्या मर्यादेहून बरेच अधिक आढळले. ही मर्यादा ओलांडली की तो प्रदेश आयोडीन-न्यून मानला जातो. या भागात एक समजूत फार दृढ आहे. मीठ समुद्राचे, समुद्रात आयोडीन, तेव्हा गोव्याच्या आगरातले खडे मीठ उत्तमच, असे पुष्कळजण धरून चालतात. ती चूक आहे. आगरातल्या मिठात आयोडीन नाममात्र असते. ते कारखान्यात वरून मिसळावे लागते. मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे, आणि ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे असा दंडक आहे. पण घरी आणलेले मीठ चुलीशेजारी उघड्या भांड्यात ठेवले तर पावसाळी हवेत ते पाझरते आणि आयोडीन उडून जाते. झाकणाची कोरडी बरणी, चुलीपासून दूर, आणि मीठ शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी, एवढे पथ्य पुरेसे आहे. मिठात आयोडीन आहे की नाही हे पाहण्यासाठी चाचणीचे द्रावण मिळते; त्याचा थेंब टाकताच मीठ निळे-जांभळे होते.

मात्र आज प्रौढ स्त्रियांमध्ये आढळणारे बहुतांश रुग्ण निराळ्या कारणाचे असतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या अवटुग्रंथीस परकी समजून तिचा हळूहळू नाश करते. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींत हा प्रकार प्रथम वर्णिला, म्हणून त्यास त्यांचे नाव आहे. हा विकार घराण्यात उतरतो. आईला, मावशीला, बहिणीला असेल तर मुलीने सावध असावे. मीठ बदलून तो बरा होत नाही. कोबी-फ्लॉवर सोडूनही होत नाही; शिजवलेली कोबी बेताने खाल्ल्याने कोणाची ग्रंथी बंद पडत नाही. याशिवाय ग्रंथीवर शस्त्रक्रिया झालेल्या, मानेवर किरणोपचार घेतलेल्या, तसेच लिथियम किंवा अमिओडारोन ही औषधे चालू असलेल्या व्यक्तींनी ठराविक काळाने तपासणी करून घेणे आवश्यक असते.

आता तपासणीविषयी. सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की गळा सुजलेला नसला तरी ग्रंथी मंद असू शकते, आणि गळा सुजलेला असूनही ती नीट काम करीत असू शकते. तेव्हा आरशात पाहून किंवा गळा चाचपून निर्णय होत नाही. सोनोग्राफीनेही ग्रंथीच्या कामाची गती कळत नाही. रक्त द्यावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे जाताना तक्रारी एकेक करून सांगण्याऐवजी कागदावर एकत्र लिहून न्याव्यात आणि ‘टी. एस. एच. पाहावे काय?’ असे सरळ विचारावे. विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आठवड्यापूर्वी खोकल्यासाठी, महिन्यापूर्वी बद्धकोष्ठासाठी आणि त्यापूर्वी अंगदुखीसाठी गेलेल्या बाईच्या तीन चिठ्ठ्या तीन ठिकाणी राहतात. त्या जुळवून पाहण्यास समोरच्या डॉक्टरास वाव मिळत नाही. रक्ताचा नमुना खानापूर किंवा बेळगावास द्यावा लागला तरी लोंढ्याहून दोन्ही ठिकाणी रेल्वे जाते. बेळगाव सुमारे पन्नास किलोमीटर. उपाशीपोटीच गेले पाहिजे असा या तपासणीचा आग्रह नाही.

प्रौढांमध्ये टी. एस. एच. सर्वसाधारणपणे दर लिटरमागे ०.४ ते ४.५ मिलि-एककांच्या दरम्यान असते; प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. ते दहाच्या वर गेले आणि सोबत थायरॉक्झिन, म्हणजे टी-फोर, कमी भरले तर निदान निश्चित झाले. मधला आकडा आला तर घाई करू नये. नुकताच ताप येऊन गेला असेल, मोठे आजारपण झाले असेल, तर आकडा काही काळ वरखाली होतो. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि मगच औषधाचा विचार व्हावा. केवळ वजन कमी करण्यासाठी थायरॉक्झिन घेण्याची टूम काही ठिकाणी दिसते. निरोगी माणसाने असे करणे हृदयास व हाडांस घातक आहे.

दोन सापळे येथे सांगितलेच पाहिजेत. केस गळू लागले की अनेकजणी आपणहून केसांच्या गोळ्या सुरू करतात. त्यांत बायोटिन असते, आणि कित्येक प्रयोगशाळांच्या पद्धतीत ते टी. एस. एच. चा आकडा खोटाच कमी दाखविते. ज्या विकाराने केस गळतात त्याचीच खूण केसांची गोळी पुसून टाकते, असा हा विचित्र प्रकार आहे. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस अशी गोळी बंद ठेवावी व डॉक्टरांना तसे सांगावे.

दुसरा सापळा अधिक गंभीर आहे. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला तर पोष ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. डॉ. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली याचे सविस्तर वर्णन केले. अशा बाईला बाळंतपणानंतर दूधच येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, काखेतले केस झडतात, चेहरा निस्तेज होतो, रक्तदाब उतरतो. घरचे म्हणतात, बाळंतपणात खूप रक्त गेले, अजून भरून आले नाही. तिची अवटुग्रंथीही मंदच असते. परंतु ढकलणारे इंजिनच बंद पडल्यामुळे टी. एस. एच. वाढत नाही, आणि नुसता तेवढाच आकडा पाहिला तर कागदावर सर्व ठीक दिसते. रानातल्या वाडी-वस्तीवरून पावसात नदीनाले ओलांडून दवाखाना गाठावा लागतो अशा मुलखात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. बाळंतपणातील रक्तस्रावाची हकिगत कितीही वर्षांपूर्वीची असली तरी ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी, आणि टी-फोरही तपासून घ्यावा. अशा रुग्णास थायरॉक्झिनपूर्वी दुसरे संप्रेरक देणे बहुधा आवश्यक असते. नाहीतर प्राणावर बेतते. म्हणून येथे परस्पर गोळी सुरू करणे सर्वथा वर्ज्य.

गर्भवतीची गोष्ट तर वेगळीच. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्झिनवर चालते. आईची ग्रंथी मंद असेल तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण आणि मुलाच्या बुद्धीची हानी यांचा धोका वाढतो. केंद्र शासनाने २०१४ साली गर्भवतींच्या तपासणीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांना पूर्वी गर्भपात झाले आहेत, ज्यांना दीर्घकाळ मूल झाले नाही, ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे, ज्यांना गलगंड आहे किंवा ज्या आयोडीन-न्यून प्रदेशात राहतात, त्यांची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी असा त्यांचा आशय आहे. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे, कारण मात्रा वाढवावी लागते. दिवस गेले म्हणून भीतीने गोळी थांबविणाऱ्या सासवा-सुना आढळतात. यासारखा उलटा उपाय दुसरा नाही.

काही बाळे जन्मतःच अपुऱ्या ग्रंथीची असतात. मुंबईत डॉ. मीना देसाई व सहकाऱ्यांनी बारा हजारांहून अधिक नवजात अर्भकांची तपासणी करून १९९४ साली दिलेल्या निष्कर्षानुसार हे प्रमाण २,६४० मध्ये एक असे होते. असे बाळ जन्मतः गुटगुटीत व शांत दिसते. फार झोपते, रडत नाही, अंगावर पिताना थकते. कावीळ लवकर उतरत नाही, पोट साफ होत नाही, बेंबी बाहेर येते, रडलेच तर आवाज घोगरा. ‘किती गुणी बाळ, त्रास म्हणून नाही,’ असे कौतुक होते, आणि त्याच आठवड्यांत त्याच्या बुद्धीची वाट बंद होत जाते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते. काही महिने उशीर झाला तर गेलेले परत मिळत नाही. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते. गोव्यात २००८ साली शासनाने नवजात अर्भकांसाठी अशा तपासणीचा उपक्रम सुरू केला होता. बेळगाव, हुबळी वा मडगाव, बाळंतपण जेथे होईल तेथे, घरी निघण्यापूर्वी या तपासणीची चौकशी बापाने किंवा आजीने करावी. बाळंतिणीवर ते काम टाकू नये.

निदान झाल्यावरचे काम सोपे, पण नेटाचे आहे. गोळी सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची, आणि चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याच्या घरी चूल पेटताच चहा होतो, तेव्हा हा नियम मोडण्याचा मोह फार. ज्यांना तो पाळणे अशक्य आहे त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते, मात्र वेळ रोज तीच असावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर घेतल्यास ती अंगी लागत नाही. मध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. वृद्धांना व हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर अगदी अल्प मात्रेने सुरुवात करतात. गुण सावकाश येतो म्हणून त्यांनी मात्रा आपणहून वाढवू नये. दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून मात्रा ठरते, आणि ती एकदा स्थिरावली की वर्षातून एकदा-दोनदा तपासणी पुरते. बरे वाटू लागल्यावर गोळी सोडण्याची प्रवृत्ती फार आहे. बरे वाटते ते गोळीमुळेच, आणि बहुतेकांना ती जन्मभर लागते.

पावसाळ्यात गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरातील फळीवर किंवा न्हाणीशेजारच्या कोनाड्यात ठेवू नये. दमट हवेने, उष्णतेने व उजेडाने थायरॉक्झिनचा जोर कमी होतो. झाकण घट्ट लावून कपड्यांच्या कपाटात, अंधाऱ्या व कोरड्या जागी ती ठेवावी. गावाहून बाहेर जाताना पुरेशा गोळ्या मूळ बाटलीतच सोबत घ्याव्यात, आणि ऑगस्टमध्ये दरडी कोसळून गाड्या बंद पडण्यापूर्वी पुढील दोन महिन्यांची तरतूद जूनमध्येच करून ठेवावी.